जीर्ण थडगी, अस्थींचे स्थलांतर आणि ख्रिस्तसभेचे उत्तरदायित्व

मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक मानिले आहे. ते कृत्य अंत्यविधीच्या दिवशीच पुरे होते, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. परंतु शोकाकुल कुटुंब घरी परतल्यानंतर त्या जागेची जबाबदारी कोणाकडे जाते? कुंपणाची भिंत फुगली, थडग्याचा चबुतरा खचला, तळघराची कमान तडकली आणि तिच्याखाली एखादा वाटसरू सापडला, तर त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे? धोका टाळण्यासाठी अस्थी हलवाव्या लागल्या, तर तो अधिकार कोणाचा? गोव्यातील जुन्या धर्मग्रामांत, तसेच बेळगाव, महू, सिकंदराबाद यांसारख्या छावण्यांच्या गावी सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना हे प्रश्न अपरिचित नाहीत.

या प्रश्नांचा विचार इतिहासाच्या आधारे करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जिवंतांची सुरक्षितता आणि मृतांचा सन्मान ही परस्परविरोधी कर्तव्ये नसून दफनभूमीच्या राखणदारावर असलेल्या एकाच कर्तव्याच्या दोन बाजू आहेत, असे आमचे मत आहे. ज्याने पहिली बाजू दुर्लक्षिली त्याच्या हातून दुसऱ्या बाजूवरील अधिकारही निसटला, याची साक्ष इतिहास देतो.

पवित्र शास्त्राची भूमिका

अस्थी हलविणे हे मुळातच निषिद्ध आहे, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. योसेफाने मरणसमयी आपल्या भाऊबंदांकडून शपथ घेतली. मोशेने मिसरातून निघताना त्याच्या अस्थी बरोबर घेतल्या, आणि अखेर शखेम येथे, याकोबाने विकत घेतलेल्या भूमीत, त्यांना विसावा मिळाला. उलट, योशीया राजाने बेथेल येथील कबरी उकरल्या तेव्हा देवाच्या माणसाच्या अस्थींना मात्र त्याने हात लावू दिला नाही. म्हणजे हलविणे व न हलविणे या दोहोंनाही शास्त्रात स्थान आहे. कारण कोणते आणि मृताविषयीची निष्ठा राखली गेली की नाही, यावर निर्णय अवलंबून आहे.

वास्तूच्या धोक्याविषयी तर नियमशास्त्र अगदी स्पष्ट आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडून मरणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील दंडक आहे. खड्डा उघडा टाकणाऱ्याने त्यात पडलेल्या जनावराची भरपाई करावी, असे निर्गम सांगतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, त्यांचा उल्लेख प्रभू येशूने केला तो ती माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती हे दाखविण्यासाठी. मेलेल्यांवर दोष ठेवण्याचा मार्ग प्रभूने बंद केला. तथापि बुरुजाची देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांना त्याने दोषमुक्त केले, असा अर्थ त्या वचनातून काढता येणार नाही.

रोमन कायदा व प्लिनीचे पत्र

रोमन कायद्यात मृतदेह पुरलेली जागा धर्माच्या कक्षेत जाई. ती विकता येत नसे, आणि तेथील अवशेष हलवावयाचे तर रोममध्ये पुरोहितमंडळाची अनुज्ञा लागे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी बिथुनिया-पंत प्रांताचा अधिपती प्लिनी याच्यासमोर नेमका आपलाच प्रश्न आला. कालमानाने थडगी मोडकळीस आली होती, कोठे नदीचे पाणी शिरले होते, आणि आप्तजन अवशेष दुसरीकडे नेण्याची परवानगी मागत होते. प्लिनीने सम्राट त्राजानाला पत्र लिहून विचारले. प्रांतातील लोकांना दर वेळी रोमच्या पुरोहितांकडे जाण्यास भाग पाडणे जड होईल, यास्तव पूर्वीच्या अधिपतींची वहिवाट पाहून प्रत्येक प्रकरणी परवानगी द्यावी वा नाकारावी, असे उत्तर आले. ज्या प्लिनीने ख्रिस्ती लोकांविषयी सम्राटाला लिहिलेले पत्र आपण सेमिनरीत अभ्यासतो, तोच हा प्लिनी.

या लहानशा पत्रव्यवहारात पुढील सर्व कायद्याचे बीज आहे. जीर्णता व पाणी ही स्थलांतराची ग्राह्य कारणे होत, परंतु कारण ग्राह्य असले तरी परवानगी आधी घेतली पाहिजे.

मंदिरात दफन करण्याची चाल

रोमन लोक शहराच्या वेशीबाहेर दफन करीत. ख्रिस्ती श्रद्धेने हा क्रम पालटला. हुतात्म्यांच्या कबरींजवळ आपल्यालाही जागा मिळावी या इच्छेने दफने मंदिराच्या भोवती व नंतर मंदिराच्या आत होऊ लागली. पोर्तुगालमधील ब्रागा येथील धर्मसभेने सन ५६१ मध्ये मंदिराच्या आत दफनास मनाई करून भिंतीबाहेर दफनाची मुभा ठेविली. हा नियम पुढे अनेकांनी पुनःपुन्हा सांगितला, पण पुरस्कर्ते, दाते, धर्मगुरू असे अपवाद वाढत गेले आणि अपवादच नियम झाला. फरशीखाली पोकळ तळघरे आणि भिंतीलगत उंचावलेली माती ही या चालीची दोन फळे होत. त्यांचा परिणाम पॅरिस शहराने भोगला.

इनोसंट्स दफनभूमी

पॅरिसच्या मुख्य बाजारालगत पवित्र बालहुतात्म्यांच्या नावाने एक मंदिर व दफनभूमी होती. फिलिप ऑगस्टस राजाने सन ११८६ मध्ये तिला भिंत घातली. पॅरिसमधील अनेक धर्मग्रामांचे व शहराच्या मुख्य इस्पितळाचे मृत येथेच पुरले जात. गरिबांसाठी मोठे सामाईक खड्डे असत. एकेका खड्ड्यात हजारांहून अधिक देह ठेवून तो भरला की दुसरा खणावा, आणि जुन्यातील हाडे काढून भिंतीलगतच्या कमानींवरील माळ्यांत रचावी, असा शतकानुशतकांचा क्रम होता. त्यामुळे दफनभूमीची पातळी शेजारच्या रस्त्यांहून सुमारे आठ फूट वर गेली. भोवतालच्या घरांच्या तळघरांना हा सारा भार एखाद्या धरणाच्या पाण्यासारखा रेटीत होता.

इशारे मिळाले नाहीत असे नाही. पॅरिसच्या पार्लमां नावाच्या उच्च न्यायालयाने २१ मे १७६५ रोजी शहरातील दफनभूमी बंद करून वेशीबाहेर नव्या करण्याचा हुकूम दिला. धर्मग्रामांच्या विश्वस्तांनी व धर्मगुरूंनी हरकती घेतल्या. नव्या जागेचा खर्च, दफनशुल्काचे उत्पन्न, अंत्ययात्रेचे अंतर, लोकांच्या भावना अशी ती कारणे होती. त्यांपैकी शेवटची दोन खरोखरच विचार करण्याजोगी होती. हुकूम कागदावर राहिला. सन १७७५ मध्ये तुलूझचे आर्चबिशप लोमेनी द ब्रिएन यांनी आपल्या धर्मप्रांतात मंदिरातील दफने आवरण्याचा आदेश काढला, आणि १० मार्च १७७६ च्या राजघोषणेने थोडे अपवाद ठेवून देशभर तीच मनाई केली. इनोसंट्समध्ये मात्र खड्डे खणणे चालूच राहिले.

सन १७८० मध्ये व्हावयाचे ते झाले. ला लेंजरी नावाच्या गल्लीतील एका घराच्या तळघराची भिंत दफनभूमीच्या रेट्याने फुटली, आणि मृतदेह व माती तळघरात कोसळली. शेजारच्या तळघरांत दूषित हवा पसरल्याच्या तक्रारी त्याआधीपासूनच होत्या, आणि आरोग्य-निरीक्षक कादे द व्हो यांनी त्यांची पाहणी केली होती. पार्लमांने ४ सप्टेंबर १७८० रोजी दफनभूमी बंद करण्याचा हुकूम दिला, आणि वर्ष सरण्यापूर्वी तेथील दफने थांबली. पंधरा वर्षांपूर्वी जे विनवून झाले नाही, ते एका भिंतीने घडविले.

येथे क्षणभर थांबून विचारावेसे वाटते की या भिंतीची जबाबदारी कोणाची होती? जमिनीवर कॅनन-मंडळाचे हक्क होते, दफनाचे हक्क अनेक धर्मग्रामांकडे होते, इस्पितळाचा हक्क निराळा होता, खड्डे खणणारा वेगळा होता, रस्त्याची देखरेख पोलिस अधिकाऱ्यांकडे होती, आणि तळघराचा मालक तर आणखीच वेगळा. उत्पन्नाच्या वेळी प्रत्येकाला आपला हक्क स्पष्ट आठवत असे. दुरुस्तीच्या वेळी मात्र तो हक्क दुसऱ्याचा ठरे. आमच्या मते इनोसंट्सचा मूळ रोग दूषित हवा हा नव्हताच. हक्क आणि जबाबदारी यांची फारकत हा तो रोग होता. तो आजही दिसतो. धर्मग्रामाच्या जागेवर एखाद्या कुटुंबाने बांधलेले थडगे तिसऱ्या पिढीनंतर कोणाचे, याचे उत्तर किती धर्मग्रामांच्या दप्तरात लिहिलेले सापडेल?

स्थलांतर कसे झाले

दफनभूमी बंद झाली तरी मृत तेथेच होते. ९ नोव्हेंबर १७८५ रोजी राजाच्या मंत्रिमंडळाने ती जागा रिकामी करून तेथे बाजार करण्याचा निर्णय दिला. अस्थींसाठी शहराच्या दक्षिणेकडील तोंब-इस्वार येथील जुन्या दगडखाणी निवडण्यात आल्या. या खाणी स्वतःच धोक्याच्या होत्या. सन १७७४ मध्ये त्या भागात रस्ता खचला होता, आणि म्हणूनच सन १७७७ मध्ये खाणींच्या निरीक्षणासाठी स्वतंत्र खाते निघाले होते. त्या खात्याचे प्रमुख गियोमो यांनी आधी भुयारांना दगडी खांबांचे आधार दिले, आणि मगच तेथे अस्थी आणल्या. एका असुरक्षित जागेतून दुसऱ्या असुरक्षित जागी मृतांना नेऊन टाकावयाचे नाही, ही त्यामागील दृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आर्चबिशपांच्या धर्मशासनाने संमती दिली. ७ एप्रिल १७८६ रोजी खाणीची जागा आशीर्वादित करण्यात आली. त्यानंतर रात्रीच्या वेळी काळ्या वस्त्रांनी झाकलेल्या गाड्या निघत. सरप्लिस घातलेले धर्मगुरू मृतांसाठीच्या प्रार्थना गात त्यांच्याबरोबर चालत. वैद्यक मंडळातर्फे डॉक्टर तुरे यांनी कामावर देखरेख केली, आणि उन्हाळ्यातील उष्मा टाळण्यासाठी काम मुख्यतः हिवाळ्यात केले. सन १७८७ पर्यंत इनोसंट्सचे काम संपले. पुढे इतर दफनभूमींतील अस्थीही तेथे आणल्या गेल्या.

परवानगी, तयार जागा, वैद्यकीय दक्षता व प्रार्थना या चारही गोष्टी येथे दिसतात. पाचवी मात्र साधली नाही. भुयारातील शिळांवर कोणत्या दफनभूमीतून व कोणत्या दिवशी अस्थी आणल्या हे कोरलेले आहे, पण कोणाचेही नाव नाही. सामाईक खड्ड्यांतील गरिबांची नावे राखणे तेव्हा शक्यच नव्हते, हे खरे. ज्याला आपण नाव घेऊन स्नानसंस्कार दिला त्याच्या अस्थी निनावी व्हाव्या, ही हानी मात्र त्यामुळे लहान ठरत नाही.

या प्रकरणाचा शेवट आपण विसरू नये. १२ जून १८०४ च्या फ्रेंच हुकुमाने मंदिरांतील दफनास पूर्ण बंदी केली, शहराबाहेर दफनभूमी नेल्या, प्रत्येक मृतासाठी स्वतंत्र खड्डा, त्याची खोली आणि पाच वर्षांपर्यंत तो न उघडण्याचा नियम घालून दिला, आणि दफनभूमी नगरप्रशासनाच्या देखरेखीखाली आणिल्या. गरिबाला स्वतःची कबर मिळाली ती अशी, सरकारच्या हुकुमाने. हे काम ख्रिस्तसभेच्या हातून आधी व्हावयास हवे होते.

पोर्तुगाल आणि जुने गोवे

घाईने व लोकांना न सांगता केलेली सुधारणाही घातक ठरते, याचे उदाहरण पोर्तुगालने दिले. तेथे सन १८३५ मध्ये व पुन्हा सन १८४४ च्या आरोग्यविषयक कायद्याने मंदिरांतील दफने बंद करण्यात आली. सन १८४६ च्या वसंतात मिन्हो प्रांतातील खेडवळ स्त्रियांनी अधिकाऱ्यांना न जुमानता आपले मृत मंदिरातच पुरले. मारिया द फोंत या नावाने ओळखला जाणारा तो उठाव कर वगैरे इतर कारणांनी पसरत गेला आणि कोस्ता काब्राल यांचे सरकार कोसळले. कायदा योग्य होता, परंतु मृत हे आधी त्यांच्या आप्तांचे असतात आणि मग खात्याचे, हे त्या सरकारला उमगले नाही.

त्याच सुमारास पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात निराळे दुःख घडले. सन १८३५ मध्ये धर्मसंघ हद्दपार झाले आणि जुन्या गोव्यातील पवित्र टेकडीवरचा ऑगस्टिनियन मठ ओस पडला. राखणदार गेला की वास्तू किती टिकते? सन १८४२ मध्ये मंदिराचे छत कोसळले. सन १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. फरशीवरील कोरीव थडगेशिला उघड्यावर राहिल्या.

त्याच ढिगाऱ्यातून पुढे एक आश्चर्य निघाले. जॉर्जियाची राणी केतेवान हिला सन १६२४ मध्ये शिराझ येथे श्रद्धेसाठी मृत्यू आला, आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष सन १६२७ मध्ये गोव्यास आणिले. मठाच्या चॅप्टर चॅपेलमधील कोणत्या बाजूच्या कितव्या खिडकीत ते ठेविले, हे जुन्या पोर्तुगीज नोंदीत लिहिलेले होते. त्या नोंदीच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात सन २००४ मध्ये हाताचे हाड सापडले. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या तपासणीने त्यास दुजोरा मिळाला, आणि सन २०२१ मध्ये भारत सरकारने ते जॉर्जियाच्या स्वाधीन केले. छत पडले, मनोरा पडला, पण एका लेखनिकाची ओळ टिकली, म्हणून त्या राणीला जवळजवळ चारशे वर्षांनी स्वदेशी परतता आले. पॅरिसच्या भुयारात जे हरवले ते येथे एका नोंदीने वाचविले.

आजचा कायदा

आता आपल्यावर लागू असलेल्या नियमांकडे वळू. सन १९१७ च्या कॅनन संहितेत कायमचे दफन झालेला देह बिशपांच्या परवानगीविना उकरू नये, असा स्पष्ट नियम होता (कॅनन १२१४). सन १९८३ च्या संहितेने तपशील कमी केला. पोप, कार्डिनल व धर्मप्रांताचे बिशप यांच्याखेरीज कोणाचेही दफन मंदिरात करू नये, असे कॅनन १२४२ सांगतो, आणि दफनभूमींची शिस्त, विशेषतः त्यांचे पावित्र्य, धर्मप्रांताच्या नियमांनी राखावे, असे कॅनन १२४३ सांगतो. म्हणून प्रत्येक धर्मगुरूने आपल्या धर्मप्रांताचे नियम प्रथम पाहावे, आणि ते मौन असतील तरी लेखी परवानगीविना कुदळ उचलू नये.

देशाच्या कायद्यात सन १८६० च्या दंडसंहितेचे कलम २९७ प्रसिद्ध होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ ने घेतली आहे. भावना दुखविण्याच्या उद्देशाने, किंवा त्या दुखावतील हे जाणून, दफनस्थळी अतिक्रमण करणे वा मृतदेहाची विटंबना करणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास कलम १०६, आणि इमारत पाडताना वा दुरुस्त करताना ती पडून होणारा धोका टाळण्याची काळजी न घेतल्यास कलम २९० लागू होते. पुरलेला देह मृत्यूचे कारण शोधण्यासाठी बाहेर काढण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास आहे. सर्वोच्च न्यायालयाने सन २०२२ मध्ये असे सांगितले की, दफनानंतर देह कायद्याच्या ताब्यात असल्याचे मानले जाते व तो बाहेर काढणे हा कोणाचा सहज हक्क नव्हे. या विषयावर योग्य कायदा करण्याचा विचार केंद्राने करावा, असेही न्यायालयाने सुचविले.

वास्तूंविषयी सन १९६६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक विश्वस्ताने जाणून घेतला पाहिजे. दिल्लीच्या चांदणी चौकातील नगरपालिकेचे घड्याळघर सन १९५१ मध्ये कोसळून माणसे मेली. मनोरा सुमारे ऐंशी वर्षांचा होता, आणि त्यातील चुन्याचे आयुष्य त्याच्या निम्म्याइतकेच होते. दोष आम्हांस दिसत नव्हता, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. रस्त्यालगत वास्तू ठेवणाऱ्यावर विशेष जबाबदारी असते, आणि दोष दृश्य असो वा अदृश्य, इजा झाल्यास मालक उत्तरदायी होतो, असे ठरले. रस्त्यालगतच्या दफनभूमीची भिंत व तिच्या आतील उंच थडगी यांना हे तत्त्व लावून पाहावे.

तथापि धोक्याचे नाव सांगून वाटेल ते थडगे पाडताही येत नाही. सुरतेच्या इंग्रज व डच दफनभूमींतील भव्य घुमटी थडग्यांप्रमाणे जी स्थळे संरक्षित स्मारके आहेत, त्यांना सन १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा लागू आहे. तेथे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक वीटही हलविता येत नाही.

आपले कर्तव्य

या सर्व विवेचनातून धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आम्ही नम्रपणे सुचवितो.

प्रथम, दफनभूमीची मालकी, थडग्यांची मालकी व दुरुस्तीची जबाबदारी लेखी ठरवावी. नवे बांधकाम करू देताना, वारस न उरल्यास ते कोणाकडे जाईल, हे त्याच कागदावर लिहावे.

दुसरे, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाणकार अभियंत्याकडून भिंती, कमानी व उंच थडगी तपासून घ्यावी. चिरेबंदीत रुजलेला पिंपळ दिसताच काढावा. धोका आढळल्यास त्याच दिवशी जागेला अडसर घालून फलक लावावा व धर्मप्रांताला कळवावे. मृत सर्व जीवांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, शेकडो माणसे मुलाबाळांसह कबरींमध्ये दाटीने उभी राहतात, याची आठवण ठेवावी.

तिसरे, अस्थी हलविण्यापूर्वी कुटुंबांना बोलवावे. त्यांचा राग ऐकून घ्यावा. मग बिशपांची व नागरी अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, नवी जागा आधी तयार करून आशीर्वादित करावी, आणि मजुरांबरोबर एक धर्मगुरू प्रार्थनेसह उभा असावा. आपल्या अनेक धर्मग्रामांत जागेच्या अभावी काही वर्षांनी कबर उघडून अस्थी कोनाड्यात ठेवण्याची रीत आहे. नित्याची म्हणून ती विनाप्रार्थना उरकू नये.

शेवटी, नोंद ठेवावी. कोणत्या कबरीत कोण, कोठून कोठे, कोणत्या दिवशी व कोणाच्या परवानगीने, हे दफनाच्या वहीत लिहावे. हे काम धर्मशिक्षकांइतके चांगले कोणी करू शकणार नाही. धर्मगुरूंची बदली होते, धर्मशिक्षक मात्र गावातच राहतो, आणि शिळेवरील अक्षरे पुसली तरी ती कबर कोणाची हे बहुधा त्यालाच ठाऊक असते. ते त्याच्याबरोबरच कबरीत जाण्यापूर्वी वहीत उतरले पाहिजे.

देहाच्या पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे. देवाला आपल्या मृतांना ओळखण्यासाठी आमच्या वहीची गरज नाही, की त्यांना उठविण्यासाठी आमच्या थडग्यांची. परंतु तो दिवस येईपर्यंत ते देह व त्यांच्याजवळून जाणारी माणसे ही दोन्ही आमच्या स्वाधीन आहेत. म्हणून येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या दफनभूमीची भिंत एकदा बाहेरून, रस्त्याच्या बाजूने, चालून पाहावी, एवढी आमची विनंती आहे.